हार्लनची माती

शनिवारी सकाळी वारा फिरला. चार दिवस पश्चिमेकडून कोमट झोत येत होते आणि अंगणातलं बर्फ त्यांनी पार चाटून नेलं होतं. आता तोच वारा उत्तरेकडून यायला लागला, तेव्हा मातीला आलेल्या लोकांनी गाड्या उभ्या करतानाच त्यांची तोंडं परतीच्या रस्त्याकडे करून ठेवली. आमच्या बॅजर क्रीकच्या खोऱ्यात एप्रिलच्या आभाळावर कुणी विश्वास ठेवत नाही.

जोलीन स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बघत होती. ड्वेनचा पांढरा शर्ट तिनं स्वतः इस्त्री करून दाराला अडकवला होता. शर्ट होता, ड्वेनचा पत्ता नव्हता. तासाभरानं पाद्री प्रार्थना सुरू करणार होते. ट्रॅक्टरची शेड रिकामी करून, झाडून, शाळेतल्या खुर्च्या मांडून झाल्या होत्या, आणि गवताच्या दोन गठ्ठ्यांवर तिच्या वडिलांची, हार्लनची, शवपेटी ठेवलेली होती. आणि त्यांचा थोरला मुलगा ड्वेन सकाळपासून गोठ्यात होता.

मंगळवारी हार्लन ओस्बी फाटक उघडायला ट्रॅक्टरवरून खाली उतरला आणि फाटकापाशीच कोसळला. ड्वेन ट्रॅक्टरवर बसून वाट बघत होता. बाबांकडून कडी का निघत नाहीये एवढंच त्याच्या मनात आलं होतं, असं त्यानं फोनवर जोलीनला सांगितलं. ती बिलिंग्जहून त्याच दुपारी निघाली. तिथे मोठ्या इस्पितळात ती परिचारिकांची प्रमुख होती. कुठलीही गोष्ट हातात घेऊन तडीस न्यायची सवय तिच्या अंगात मुरलेली. पाद्री, पेटी, जेवण, फुलं, सगळं तिनं उभं केलं. गावातल्या माजी सैनिकांनाही तिनंच बोलावलं होतं. झेंडा, बिगूल आणि बंदुकांच्या तीन फैरी.

फैरी नकोत, असं लोर्नानं, म्हणजे तिच्या आईनं, बुधवारीच सांगितलं होतं. जोलीननं कारण विचारलं तर आई म्हणाली, नकोत म्हणजे नकोत. दुःखात माणूस काहीही बोलतो असं समजून जोलीननं धाकट्या भावाला, ट्रेंटला, फोन केला. ट्रेंट स्पोकेनला रस्त्यांच्या मोजणीचं काम करायचा. त्याचंही मत पडलं की माणूस देशासाठी व्हिएतनामला जाऊन लढला, त्याला सलामी मिळायलाच हवी. दोघांचं एक झालं. आणखीही एका गोष्टीवर त्यांचं एकमत होतं, ती म्हणजे आईला आता इथे ठेवायचं नाही. बिलिंग्जच्या घरातली मागची खोली जोलीननं आधीच रंगवून घ्यायला सांगितली होती. ड्वेनला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

लोर्ना मात्र एका जागी थांबत नव्हती. भरलेली कॉफीची किटली उचलायची, परत ठेवायची, झाकलेल्या हॅमवरचं फडकं काढून पुन्हा झाकायची. शेजारणींनी तिला दोनदा खुर्चीत बसवलं, दोन्ही वेळा ती उठून खिडकीशी गेली. तिथून कालवडींचा गोठा दिसत होता.

"ट्रेंट," जोलीन म्हणाली, "जा, त्याला घेऊन ये. मी गेले तर भांडण होईल."

ट्रेंटनं नवा काळा सूट घातला होता. गोठ्याच्या दारात तो बूट सांभाळत उभा राहिला. आत उबदार अंधार होता, ओल्या गवताचा आणि चिकाचा वास होता.  वीस वर्षं तो या वासापासून लांब राहिला होता आणि त्याला त्याची खंत नव्हती.

ड्वेन एका लाल कालवडीच्या मागे गुडघ्यावर बसला होता. उघड्या दंडापर्यंत हात माखलेले. कालवडीच्या मागून दोन खूर बाहेर आले होते, तळवे आभाळाकडे.

"पायाळू आहे," वर न बघताच ड्वेन म्हणाला.

"सगळे थांबलेत, ड्वेन."

"मग थांबू दे."

"जोलीन भडकलीय."

"तिला सांग, इथे येऊन या गाईवर भडक."

ट्रेंटला हसू आलं आणि त्याचं त्यालाच बरं वाटलं नाही. तो तसाच निघाला असता, पण कालवड बसली, मग आडवी झाली, आणि तिच्या घशातून जो आवाज निघाला तो त्याच्या ओळखीचा होता. वासरू पायाळू असलं की कंबर बाहेर आल्यावर वेळ नसतो. नाळ आत दाबली जाते आणि डोकं आतच असतं. एकटा माणूस ओढून ओढून किती ओढणार? एरवी वासराच्या पायांना बांधलेल्या दोन साखळ्यांपैकी दुसरी बाबा ओढायचे. ट्रेंटनं कोट काढून खुंटीला लावला, बाह्या वर केल्या आणि साखळी धरली.

"कळ येईल तेव्हाच," ड्वेन म्हणाला.

"माहितीये मला."

कळ आली तशी दोघं मागे रेलले. कंबर आली. मग मात्र त्यांनी कळेची वाट बघितली नाही. ट्रेंटचे गुळगुळीत तळव्यांचे बूट गवतावरून घसरले, तो पाठीवर पडला आणि ओलं, जड, गरम वासरू त्याच्या पांढऱ्या शर्टावर येऊन पडलं. ते हलत नव्हतं. ड्वेननं त्याला मागच्या पायांनी उचलून कठड्यावर लोंबकळत धरलं, नाकातोंडातला चिकटा निपटून काढला. ट्रेंटनं गवताची काडी त्याच्या नाकपुडीत खुपसली, कुणी सांगायच्या आधी. वासरू शिंकलं. मग दुसऱ्यांदा शिंकलं.

दोघं भिंतीला टेकून बसले. बाहेर गाड्यांची दारं वाजत होती.

ट्रेंटनं त्याला सैनिकांचं सांगितलं, फैरींचं सांगितलं. ड्वेन म्हणाला, गोठा भरून पहिलारू कालवडी आहेत, त्यातल्या निम्म्या आज-उद्यावर आल्यात, आणि टेकडी इथून हाकेच्या अंतरावर. बंदुका उडाल्या तर त्या कुंपणं मोडतील. मग ट्रेंटनं आईच्या खोलीचंही सांगून टाकलं. का सांगितलं ते त्याला कळलं नाही. जोलीनला दिलेला शब्द त्यानं साखळी धरली तेव्हाच सुटला असावा.

ड्वेननं उठून वासरू कालवडीच्या तोंडाशी ठेवलं. "तू जातो म्हणालास तेव्हा बाबांनी तुला नवी कोरी बॅग आणून दिली," तो म्हणाला. "मला त्यांनी कधी विचारलंसुद्धा नाही, तू राहतोस का म्हणून. धरूनच चालले."

"तुला जायचं होतं?"

"तेच तर माहीत नाही ना. कुणी विचारलं असतं तर कळलं असतं."

ट्रेंट साखळी गवतानं पुसायला लागला. आपण गेल्यावर बाबा कधी म्हणालेच नाहीत की परत ये, हे त्याला आजवर मोकळं सोडणं वाटत होतं. कधी कधी आपण त्यांना नकोच होतो असंही वाटलं होतं. एकाच माणसानं दोघांना दोन टोकांना ठेवलं होतं आणि दोघंही आपापल्या टोकाला कुढत राहिले होते.

ते घरात शिरले तेव्हा जोलीननं आधी ट्रेंटचा शर्ट बघितला, मग ड्वेनचे हात.

"एक दिवस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या शेजारणी एकेक करून मुकाट्यानं बाहेर सटकल्या. "एक दिवस बापासाठी काढता आला नाही तुला?"

"ते असते तर गोठ्यातच असते."

"तेच म्हणतेय मी. ते कायम गोठ्यातच असायचे. मी पदवी घेतली तेव्हा, माझं लग्न ठरलं तेव्हा, सारा झाली तेव्हा. दर वेळी काय म्हणायचे? कालवडींचं उरकू दे, मग बघू. तीन महिन्यांची सारा होती, तेव्हा पहिल्यांदा तिचं तोंड बघितलं त्यांनी. आज निदान पेटीत तरी ते एका जागी आहेत, आणि आता तू सुरू केलंस."

"तुला वर्षातून दोनदा यायचं असतं, जोलीन. बाबा तुझ्यासाठी चांगले शर्ट घालून बसायचे. मी त्यांच्याबरोबर रोज होतो. रोज. एकदा म्हणाले नाहीत मला, बरं केलंस म्हणून. आणि आज टेकडीवर बंदुका उडवायच्या नाहीत, कालवडी बिथरतील."

"म्हणून तू बंदुकांना नाही म्हणतोस? त्यांचा सूड म्हणून?"

ड्वेन एकदम ट्रेंटकडे वळला, ट्रेंट खाली बघायला लागला. जोलीनला तेवढ्यानं कळलं की धाकटा तिच्या बाजूचा राहिला नाही. दारात व्हर्जिल क्वेड उभा होता. माजी सैनिकांचा तो म्होरक्या, शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, आणि हार्लनच्या वयाचा. छातीवर पदकं लावलेला कोट आता त्याच्या पोटावर बसत नव्हता. तो विचारायला आला होता की माणसं टेकडीवर कुठे उभी करू. ऐकायला नको ते कानावर पडल्यामुळे तो टोपी हातात घेऊन तसाच थांबला.

"फैरी मी नको म्हणाले," लोर्ना म्हणाली. "ड्वेन नव्हे."

ती पहिल्यांदाच खुर्चीत बसली. कुणी न बसवता.

लोर्नाला हे बोलायचं नव्हतं. पंचेचाळीस वर्षं नव्हती बोलली, आणि हार्लन गेल्यावर तर ते त्याच्याबरोबरच जाईल असं तिला वाटलं होतं. पण तिची दोन मुलं तिच्या डोळ्यांदेखत दोन वेगळ्या माणसांना पुरायला निघाली होती, आणि त्यातला एकही हार्लन नव्हता.

तिनं साधेपणानं सांगितलं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. ती वरच्या वाटेवरच्या एकखोली शाळेत शिकवायची. हार्लन युद्धावरून येऊन दोन हिवाळे झाले होते. युद्धाआधी तो जत्रांमधून उधळ्या घोड्यांवर बसायचा, खोऱ्यातल्या पोरी त्याच्यावर जीव टाकायच्या, आणि त्या हसऱ्या पोरालाच तिनं मनात वरलं होतं. परत आलेला माणूस जेवताना भिंतीला पाठ लावून बसायचा. मार्चमधली एक सकाळ. त्यानं भिंतीवरची बंदूक काढली, कोयोट, म्हणजे वासरं पळवणारा रानकुत्रा, दिसलाय म्हणाला, आणि निघाला.

"कोयोट मारायला जायचा तेव्हा कुत्रा बरोबर न्यायचा तो," लोर्ना म्हणाली. "त्या दिवशी कुत्र्याला बांधून गेला."

तिनं दाराबाहेरच्या पायरीकडे बोट केलं.

"मी त्या पायरीवर बसून राहिले. मागे धावत गेले नाही. गेले असते तर माझ्यादेखत करावं लागलं असतं त्याला. मी फक्त आवाजाची वाट बघत बसले. दुपार झाली. मग तो ओढ्याकडून चालत येताना दिसला, खांद्यापर्यंत रक्तानं भरलेला, आणि मला वाटलं झालं. पण रक्त त्याचं नव्हतं. ओढ्यापाशी कालवड अडली होती. वासरू असंच पायाळू. एकट्यानं ओढलं त्यानं."

"जगलं?" ड्वेननं विचारलं.

"नाही. मेलेलंच घेऊन आला, कोटात गुंडाळून. आणि त्या पायरीवर बसून रडला. युद्धावरून आल्यापासून पहिल्यांदा. मी बंदूक उचलून आत नेली. तो म्हणाला, वरच्या कुरणात अजून एक उठबस करतेय. तिचं उरकू दे, मग बघू. मी विचारलं नाही, काय बघू. तिचं उरकलं, मग तिसरीचं. त्या रात्रीपासून गोठ्यात झोपायला लागला. दर वर्षी हंगाम आला की तो तिकडे आणि मी इथे, जागी. एक कान गोठ्याकडे. बंदूक तर आम्ही त्या उन्हाळ्यात विकलीच, पण माणसाला काय, दोरही पुरतो."

जोलीन टेबलाची कड धरून उभी होती. इस्पितळात अशी माणसं तिनं पाहिली होती, त्यांच्या बायकांशी कसं बोलायचं हे हाताखालच्या मुलींना ती शिकवायची. "आई, तू आम्हाला सांगायला हवं होतंस."

"सांगायचं तर त्यानं सांगायचं. त्याचं होतं ते."

"मग आज?"

"आज तू याला विचारलंस, बापासाठी एक दिवस काढता आला नाही का. बापाचाच दिवस काढत होता तो."

ड्वेन बेसिनपाशी गेला आणि हात धुवायला लागला. स्वच्छ झाल्यावरही धूत राहिला.

व्हर्जिलनं घसा साफ केला. तो फारसा बोलणाऱ्यांतला नव्हता. तो म्हणाला की त्याच्या घरातही बंदूक नाही, शिकारीच्या दिवसांत लोक विचारतात तेव्हा तो डोळे अधू झाल्याचं सांगतो. मग म्हणाला, "आमच्या बंदुका गाडीतच राहतील, लोर्ना. झेंड्याला चालेल ना?"

"झेंडा चालेल," लोर्ना म्हणाली. "झेंड्याशी त्याचं भांडण नव्हतं."

प्रार्थना उशिरा सुरू झाली. शेडच्या पत्र्यावर वारा आदळत होता, पाद्रींचे अर्धे शब्द त्यातच उडून गेले. जोलीननं बोलायचं ठरवलेलं भाषण तिला पाठ होतं. शांत, समाधानी माणूस, अशी त्याची सुरुवात होती. ती पेटीजवळ उभी राहिली आणि तिला ती सुरुवात करवेना. खुर्च्या करकरायला लागल्या. मग ती म्हणाली की तिच्या पियानोच्या स्पर्धेच्या दिवशी आई आजारी होती आणि तिची वेणी बाबांनी घातली. उजवा अंगठा त्यांनी तरुणपणीच गुरं पकडायच्या फासाच्या दोरात गमावला होता. नऊ बोटांनी त्यांनी चामड्याचा दोर वळतात तशी आठ पदरांची वेणी वळली. स्पर्धेत तिला काहीच मिळालं नाही, पण वेणी चार दिवस सुटली नाही. शेवटी आईनं कात्री घेतली तेव्हा बाबांना राग आला, म्हणाले, चांगला दोर कुणी कापतं का?

मागच्या रांगेतली जुनी मंडळी हसली, मग सगळेच हसले, आणि हसता हसता जोलीन खाली बसली. ट्रेंटनं तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही, पण त्याच्याकडे बघितलंही नाही.

टेकडीवर जाईपर्यंत बर्फ सुरू झालं. ओलं, जड, एप्रिलमधलं. पेटी ड्वेन, ट्रेंट आणि चार शेजाऱ्यांनी उचलली. चिखलात पाय रुतत होते, आणि एकदा ड्वेन घसरला तेव्हा पेटी ट्रेंटच्या खांद्यावर येऊन थांबली. व्हर्जिलनं बिगूल वाजवला. थंडीनं त्याचे ओठ बधिर झाले होते, वरचा सूर फाटला, तो थांबला, ओठ चोळले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. कुणालाही घाई नव्हती. घडी केलेला झेंडा त्यानं लोर्नाच्या हातात दिला तेव्हा खाली गोठ्यात एक कालवड हंबरली, आणि ड्वेनचं डोकं तिकडे वळलं. जोलीननं ते पाहिलं.

"जा तू," ती हळूच म्हणाली. "माती मी टाकते तुझ्या नावानं."

तो गेला नाही. आधी स्वतःच्या मुठीनं माती टाकली, मग धावत खाली गेला.

रस्ता बुजायच्या आत लोक पांगले. जेवण घाईघाईत झालं. पातेली झाकून लोकांच्या गाड्यांत गेली. संध्याकाळी घरचेच उरले. ट्रेंटनं स्पोकेनला फोन करून कळवलं की हंगाम संपेपर्यंत तो येत नाही. ड्वेन म्हणाला, त्याची काही गरज नाही. ट्रेंट म्हणाला, गरज आहे का ते मी विचारलं नाही, राहू का ते विचारतोय. ड्वेननं त्याच्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाला, राहा.

मग जोलीननं तो रंगवलेल्या खोलीचा विषय स्वतःच काढला, मागे घेण्यासाठी. ती म्हणाली, आई, मी घाई केली. तुझं आयुष्य इथे गेलंय, इथून तुला हलवायचा मला हक्क नाही. तू इथेच राहा, आम्ही येत जाऊ.

"मी येते बिलिंग्जला," लोर्ना म्हणाली.

ड्वेननं घास खाली ठेवला. बाबा गेले तरी आई आहे, घरात दिवा आहे, एवढ्या एका गोष्टीवर तो मंगळवारपासून चालत होता. "किती दिवस?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही."

"आई, असं लगेच नको ठरवूस," आता जोलीनच म्हणायला लागली. "निदान हा महिना जाऊ दे. ड्वेन एकटा आहे."

"ड्वेनपाशी ट्रेंट आहे. आणि ड्वेनच्या काळजीनं मी इथे राहिले तर पुन्हा तेच होईल, बाळा. पुन्हा कान गोठ्याकडे." ती ड्वेनकडे वळली. "तुला राग येईल. येऊ दे. पण तुझ्या बापानं तुला विचारलं नाही ते मी विचारते. तुला हे करायचंय का? आज उत्तर देऊ नकोस. पण मी आहे म्हणून करू नकोस."

ड्वेन उठून कोट घालून बाहेर गेला. दार आपटलं नाही त्यानं. आपटलं असतं तर लोर्नाला सोपं गेलं असतं.

रविवारी सकाळी बर्फ थांबलं होतं आणि आभाळ लख्ख झालं होतं. लोर्नाची एकच बॅग होती. झेंडा तिनं घरातच ठेवला, टेबलावर, मुलांपाशी. जोलीन गाडी घेऊन कुरणाच्या फाटकाशी आली तेव्हा फाटक बंद होतं आणि ड्वेन आत उभा होता. याच फाटकापाशी मंगळवारी ते झालं होतं. क्षणभर जोलीनला वाटलं, हा उघडणार नाही.

त्यानं कडी काढली. बर्फात अडकलेलं फाटक खांद्यानं रेटत पार शेवटापर्यंत उघडलं आणि गाडी शेजारून जाताना काचेवर टकटक केलं. लोर्नानं काच खाली केली.

"पहाटे दोन व्याल्या," तो म्हणाला. "दोन्ही वासरं जगली."

"बरं केलंस," लोर्ना म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि फाटक लावायला वळला, त्यामुळे त्याचा चेहरा त्यांना दिसला नाही.

जोलीनला खूप बोलायचं होतं. बिलिंग्जला गेल्यावर काय करायचं, कुणाला भेटायचं, आईचा रक्तदाब कधी तपासायचा. ओढ्यावरचा पूल ओलांडल्यावर तिनं सुरुवात केली आणि उत्तर आलं नाही म्हणून बाजूला बघितलं. लोर्नाचं डोकं काचेला टेकलं होतं, झोपेत तोंड जरासं उघडं होतं, आणि मांडीवरचे हात लहान मुलाचे पडतात तसे सैल पडले होते. डांबरी रस्ता अजून लागायचा होता. जोलीननं रेडिओ बंद केला आणि खड्डे चुकवत, दुसऱ्या गिअरमध्ये, हळूहळू गाडी चालवत राहिली.